तुटलेली उतरंड: पर्फमध्ये कॉल स्टॅकची खोली गरजेप्रमाणे कशी ठरवायची

जावाच्या एका सेवेचा फ्लेम ग्राफ, म्हणजे कोणतं फंक्शन कुणाच्या सांगण्यावरून किती सीपीयू खातंय हे मनोऱ्यांत दाखवणारं चित्र, माझ्यासमोर होता. जेसन तयार करणारं एकच फंक्शन त्यात अकरा ठिकाणी दिसत होतं. प्रत्येक ठिकाणी छोटासा मनोरा, पण एकही मनोरा थ्रेडच्या सुरुवातीवर टेकलेला नाही. सगळे अधांतरी. प्रत्येकाचा वाटा दोन-तीन टक्के, म्हणून कुणावरच नजर ठरेना. दोन दिवस मी सिम्बॉल (पत्त्यांमागची फंक्शनांची नावं) बिघडलेत का, जेआयटी (चालता चालता कोड कंपाइल करणारा जावाचा भाग) काही गडबड करतंय का हेच तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी एका नमुन्याच्या ओळी बोट ठेवून मोजल्या. १२७. दुसऱ्याच्या मोजल्या, त्याही १२७. तेव्हा लक्षात आलं की प्रोग्रॅम ठीक आहे, मोजणारी पट्टीच आखूड आहे. पट्टी लांब केल्यावर ते अकरा मनोरे एका जागी आले आणि एकाच मार्गात सीपीयूचा जवळजवळ चौथा हिस्सा जात असल्याचं दिसलं.

ही पट्टी लांब कशी करायची, कधी करायची आणि त्याची किंमत काय, हे नव्याने पर्फ, म्हणजे लिनक्सचं प्रोफायलिंगचं साधन, हाताळणाऱ्यांसाठी लिहितो आहे. लिनक्सवर टर्मिनल वापरता येत असेल आणि सीमधला छोटा प्रोग्रॅम कंपाइल करता येत असेल तर एवढं पुरे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आधीच सांगतो. इथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, आपण त्या शेजारच्याला तोंडी सांगतो तशा. टाइप करताना त्याच उच्चाराची रोमन अक्षरं आणि आकडे वापरा. ठिपके, तिरक्या रेघा आणि शब्दांना जोडणाऱ्या खालच्या रेघा जिथल्या तिथे ठेवा. पर्फ म्हणजे पी-ई-आर-एफ, सिसकंट्रोल म्हणजे एस-वाय-एस-सी-टी-एल.

मुळात कापलं काय जातं

आजीच्या घरात मडक्यांची उतरंड असायची. सगळ्यात मोठं मडकं तळाला, त्यावर जरा लहान, त्यावर आणखी लहान. कॉल स्टॅक अगदी तसाच असतो. तळाला थ्रेडची सुरुवात किंवा मेन फंक्शन, त्याने बोलावलेलं फंक्शन त्याच्यावर, त्याने बोलावलेलं आणखी वर. सगळ्यात वरचं मडकं म्हणजे या क्षणी चालू असलेलं फंक्शन.

सॅम्पलिंग प्रोफायलर सेकंदाला ठरावीक वेळा सीपीयूला थांबवतो आणि दोन प्रश्न विचारतो: आत्ता कुठे आहेस, आणि इथे तुला कुणी पाठवलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला कर्नल वरच्या मडक्यापासून खाली उतरत जातो आणि प्रत्येक मडक्याचा, म्हणजे फ्रेमचा, पत्ता लिहून घेतो. अशी एक नोंद म्हणजे एक नमुना. हे काम तो इंटरप्टच्या आत करतो, म्हणून किती खाली उतरायचं याला मर्यादा हवीच. ती मर्यादा आली की तो थांबतो.

नवख्यांची गफलत इथेच होते. आखूड पट्टीने वरचं टोक कापलं जाईल असं वाटतं, प्रत्यक्षात तळ कापला जातो. कोणतं फंक्शन सीपीयू खातंय हे बरोबर कळतं, पण ते कुणाच्या सांगण्यावरून खातंय हे हरवतं. शिवाय फ्लेम ग्राफ तळापासून रचला जातो. एकाच मार्गाने आलेले दोन नमुने, एक १३० खोल आणि दुसरा १४०, कापले गेल्यावर वेगवेगळ्या फंक्शनांवर उभे राहतात. मग चित्रात ते शेजारी येत नाहीत, त्यांची बेरीज होत नाही, आणि मोठा खर्च चिल्लर होऊन विखुरतो.

लिनक्समध्ये ही मर्यादा बरीच वर्षं कर्नलच्या कोडमध्ये १२७ अशी पक्की लिहिलेली होती. बदलायची तर कर्नल पुन्हा बांधायचा. सी आणि सी प्लस प्लसच्या बहुतेक प्रोग्रॅमना १२७ भरपूर होते, म्हणून कुणाचं फारसं अडलं नाही. जावा, ग्रूव्ही, रूबी यांच्या फ्रेमवर्कांनी मात्र थरावर थर चढवले. हजाराच्याही पुढे जाणारे स्टॅक दिसू लागले. फ्लेम ग्राफची कल्पना ज्यांची, ते ब्रेंडन ग्रेग तेव्हा नेटफ्लिक्समध्ये होते आणि हा त्रास त्यांनी मांडला. पर्फची देखभाल करणारे आर्नाल्डो कार्व्हाल्यो दे मेलो यांनी ही मर्यादा सिसकंट्रोलमधून, म्हणजे चालू कर्नलच्या सेटिंग बदलणाऱ्या सोयीतून, बदलता येईल असं केलं. जुलै २०१६ मध्ये आलेल्या लिनक्स ४.७ पासून ती सगळ्यांना मिळाली. मूळ आकडा त्यांनी १२७ च ठेवला, आणि ते योग्यच केलं. ज्याला गरज नाही त्याने खर्च का सोसावा?

पायरी १: आपली मर्यादा बघा

कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/पर्फ_इव्हेंट_मॅक्स_स्टॅक

बहुतेक मशिनवर १२७ दिसेल. वेगळा आकडा दिसला तर तुमच्या आधी कुणीतरी तो बदललाय, का ते विचारून घ्या. फाईलच नसेल तर कर्नल ४.७ च्या आधीचा आहे किंवा त्यात पर्फची सोय घातलेली नाही.

त्याच फोल्डरमध्ये पर्फ_इव्हेंट_मॅक्स_कॉन्टेक्स्ट्स_पर_स्टॅक नावाची फाईल आहे, तिच्यात ८ असतात. "इथून कर्नलच्या फ्रेम, इथून युजरच्या" अशा ज्या खुणा फ्रेमच्या साखळीत टाकल्या जातात त्यांच्यासाठी ही वेगळी मोजणी आहे. तिला हात लावायची वेळ सहसा येत नाही. पण कर्नलच्या आणि युजरच्या फ्रेम मिळून मर्यादा एकच आहे, हे विसरू नका. नमुना सिस्टीम कॉलच्या आत पकडला गेला तर आधी कर्नलच्या फ्रेम लिहिल्या जातात आणि उरलेल्या जागेत युजरच्या. नेटवर्क किंवा फाईल सिस्टीमच्या खोल मार्गात तीस-चाळीस फ्रेम कर्नलच खातो, म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमला नव्वदच्या आसपास उरतात.

पायरी २: भिंत स्वतः पाहा

खऱ्या सेवेवर जाण्याआधी हा प्रयोग कराच. दहा मिनिटं लागतात, आणि पुढे काय शोधायचं ते डोळ्यांत बसतं.

सीमध्ये तीन फंक्शनांचा प्रोग्रॅम लिहा. पहिलं 'दळण': व्होलाटाइल काउंटर घेऊन अब्जावधी वेळा नुसतं वाढवत राहायचं, म्हणजे सीपीयू जळेल. दुसरं 'उतर': एक आकडा घेतं, तो शून्य असेल तर दळणला बोलावतं, नसेल तर एक कमी करून स्वतःलाच बोलावतं. तिसरं मेन, ते उतरला ३०० देऊन बोलावतं. म्हणजे उतरंडीत उतरच्या ३०१ फ्रेम, त्यावर दळणची एक आणि तळाला मेन.

कंपाइल करताना जीसीसीला तीन गोष्टी द्या: -ओ०, -जी आणि -एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर. ऑप्टिमायझेशन चालू ठेवलंत तर कंपायलर या स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनाचं साधं लूप करून टाकतो, आणि मग उतरंडच राहत नाही.

पर्फ रेकॉर्ड -एफ ९९ -जी ./प्रयोग

इथे -एफचं अक्षर मोठं, -जीचं लहान. ९९ म्हणजे सेकंदाला ९९ नमुने. शंभर न घेता ९९ घेतात, कारण सेकंदाला शंभर वेळा चालणाऱ्या कुठल्या कामाशी आपली पावलं जुळली तर तेच काम पुन्हा पुन्हा दिसतं, किंवा कधीच दिसत नाही. क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीनवर हार्डवेअर काउंटर नसेल तर पर्फ सीपीयू-क्लॉकवर चालतं, प्रयोगाला तेवढं पुरतं. परवानगीची तक्रार आली तर पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड ही फाईल बघा. उबुंटू आणि डेबियनवर ती जास्त कडक असते, तिथे सूडोने चालवा.

आता नमुने उघडा:

पर्फ स्क्रिप्ट --नो-इनलाइन

एका नमुन्याची मथळ्याची ओळ सोडून खालच्या ओळी मोजा. वर दळण, त्याखाली उतर, उतर, उतर आणि १२७ व्या ओळीवरही उतरच. मेनचा पत्ता नाही. हीच ती भिंत. --नो-इनलाइन दिलं नाही तर पर्फ इनलाइन झालेली फंक्शनंही वेगळ्या ओळींत दाखवतं. या प्रयोगात त्याने फरक पडणार नाही, पण खऱ्या प्रोग्रॅममध्ये ओळी १२७ पेक्षा जास्त भरतात आणि मोजणी फसते.

पायरी ३: खोली कमी पडली की साखळी तुटली, हे आधी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. मर्यादा वाढवूनही काही बदललं नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचं दुखणं मुळात वेगळंच असतं.

पर्फ रेकॉर्डला नुसतं -जी दिलं की तो फ्रेम पॉइंटरच्या आधाराने खाली उतरतो. प्रत्येक फ्रेममध्ये आपल्या खालच्या फ्रेमचा पत्ता ठेवलेला असेल तरच हे जमतं. कंपायलरने रजिस्टर वाचवण्यासाठी फ्रेम पॉइंटर काढून टाकले असतील तर साखळी दोन-चार फ्रेममध्येच भलतीकडे जाते आणि थांबते. तिथे मर्यादा १२७ असो की १०,०००, काहीच फरक पडत नाही.

दोन्हींमधला फरक खोलीच्या वाटपात दिसतो. पर्फ स्क्रिप्टच्या आउटपुटमध्ये दोन नमुन्यांमध्ये कोरी ओळ असते. ऑकला कोऱ्या ओळीवर नमुने वेगळे करायला सांगा, म्हणजे आरएस रिकामा ठेवा. एफएस म्हणून नवी ओळ द्या आणि प्रत्येक नमुन्यासाठी एनएफ उणे एक छापा. पुढे सॉर्ट -एन आणि युनिक -सी लावा. कोणत्या खोलीचे किती नमुने आहेत याची यादी मिळेल.

यादीत नमुने वेगवेगळ्या खोलीवर पसरलेले असतील आणि बरोबर १२७ वर एकदम मोठा ढीग असेल, तर मर्यादा आड येते आहे. ढीग दोन ते दहाच्या दरम्यान असेल आणि त्या नमुन्यांच्या शेवटी 'अननोन' दिसत असेल, तर फ्रेम पॉइंटर नाहीत. दोन्ही ढीग असतील तर दोन्ही रोग आहेत. आधी फ्रेम पॉइंटरचा इलाज करा.

त्या इलाजाबद्दल थोडक्यात. आपला कोड असेल तर वर दिलेला जीसीसीचा पर्याय लावून पुन्हा बांधा. वितरणातल्या लायब्ररींचं म्हणाल तर फेडोरा ३८ पासून आणि उबुंटू २४.०४ पासून पॅकेजेस फ्रेम पॉइंटरसह बांधली जातात, हा अलीकडचा मोठा दिलासा आहे. जावा ८ च्या अपडेट ६० पासून प्रिझर्व्ह-फ्रेम-पॉइंटर हा पर्याय जेव्हीएमला देता येतो, आणि जावा १७ पासून जेसीएमडीने (चालू जेव्हीएमला आज्ञा देणाऱ्या साधनाने) कंपायलर.पर्फमॅप मागितला की जेआयटी कोडची नावंही मिळतात. पायथन ३.१२ मध्ये -एक्स पर्फ आहे.

पायरी ४: मर्यादा वाढवा

सूडो सिसकंट्रोल -डब्ल्यू कर्नल.पर्फ_इव्हेंट_मॅक्स_स्टॅक=५१२

इथे डब्ल्यू लहान अक्षरात. पहिल्यांदा करताना बऱ्याच जणांना इथे 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असं उत्तर मिळतं. घाबरू नका. साखळ्या लिहिण्याची जागा कर्नल तेव्हाच घेतो जेव्हा साखळी मागणारा पहिला इव्हेंट (पर्फची एक मोजणी) उघडतो, आणि ती तेव्हाच सोडतो जेव्हा शेवटचा बंद होतो. मधल्या काळात आकार बदलला तर आधी घेतलेली जागा अपुरी पडेल, म्हणून कर्नल सरळ नकार देतो. हा नकार चांगला आहे, त्याला वळसा घालायचा नाही. जागा कोण धरून बसलंय ते शोधायचं.

आधी बघा, दुसऱ्या एखाद्या टर्मिनलवर पर्फ टॉप -जी किंवा पर्फ रेकॉर्ड चालू आहे का. मग सूडो एलएसओएफ चालवून त्यात पर्फ_इव्हेंट शोधा, कोणत्या प्रोसेसने इव्हेंट उघडे ठेवलेत ते दिसेल. तिथेही काही सापडलं नाही तर गुन्हेगार बहुधा ईबीपीएफचा, म्हणजे कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीचा, असतो. ईबीपीएफमधला स्टॅक-ट्रेस प्रकारचा मॅप तयार झाला की तोही हीच जागा धरतो, त्या मॅपमध्ये त्या क्षणी काही लिहिलं जात असो वा नसो. चोवीस तास प्रोफायलिंग करणारे एजंट नेमके असे मॅप बाळगून असतात. सूडो बीपीएफटूल मॅप लिस्ट चालवा आणि प्रकाराच्या जागी स्टॅक_ट्रेस दिसतंय का ते बघा. दिसलं तर तो एजंट थांबवा, मर्यादा बदला, मग एजंट पुन्हा सुरू करा. क्रम हाच.

कंटेनरमध्ये असाल तर /प्रॉक/सिस तिथे बहुधा फक्त वाचण्यापुरतं असतं. ही मर्यादा प्रत्येक कंटेनरची वेगळी नसते, अख्ख्या कर्नलची एकच असते. म्हणून होस्टवर बदला, आणि त्या होस्टवर इतरांची कामं चालत असतील तर त्यांना कल्पना द्या.

पायरी ५: वाचतानाही सांगा

आता प्रयोग पुन्हा रेकॉर्ड करा आणि पर्फ रिपोर्टने उघडा. चित्र बदललेलं नसेल! फाईलमध्ये ३०० पेक्षा जास्त फ्रेम आलेल्या आहेत, पण वाचणाऱ्या साधनाची स्वतःची वेगळी मर्यादा आहे, आणि पर्फ रिपोर्टमध्ये ती ठरवून १२७ आहे. लिहिताना दार उघडलंत, वाचताना ते बंदच राहिलं.

पर्फ रिपोर्ट --मॅक्स-स्टॅक ५१२

पर्फ स्क्रिप्ट --मॅक्स-स्टॅक ५१२ --नो-इनलाइन

आता मोजा. वर दळण, त्याखाली उतरच्या ३०१ ओळी, मग मेन आणि त्याखाली सी लायब्ररीचे सुरुवातीचे दुवे. तळातलं मडकं दिसलं.

फ्लेम ग्राफ काढताना पर्फ स्क्रिप्टचं आउटपुट स्टॅककोलॅप्स-पर्फच्या स्क्रिप्टला दिलं जातं, तेव्हाही हा पर्याय पर्फ स्क्रिप्टलाच द्यायचा. कर्नलची मर्यादा वाढवली आणि इथे विसरलो, असं माझं एकदा नाही, तीनदा झालंय. आता मी दोन्ही आज्ञा एकाच शेल स्क्रिप्टमध्ये ठेवतो आणि आकडा एका व्हेरिएबलमधून दोघींना देतो.

किती वाढवायची, आणि त्याची किंमत

आकडा ठरवण्याची माझी पद्धत सोपी आहे. आधी ५१२ लावून एक छोटं रेकॉर्डिंग घ्या आणि पायरी ३ मधली खोलीची यादी काढा. ढीग आता ५१२ वर असेल तर १०२४ करा. सगळ्यात खोल नमुना ३४० वर थांबत असेल तर ४०० पुरे. गरजेपेक्षा थोडी जास्त, एवढंच.

किंमत तीन ठिकाणी द्यावी लागते.

पहिली मेमरी. कर्नल प्रत्येक सीपीयूसाठी चार जागा राखतो, साधं काम, सॉफ्ट इंटरप्ट, हार्ड इंटरप्ट आणि एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) या चार प्रसंगांसाठी एकेक. प्रत्येक फ्रेमला ८ बाइट. १२७ फ्रेम आणि ८ खुणा धरल्या तर सीपीयूमागे सव्वाचार किलोबाइटच्या आसपास होतात. १०२४ केल्या तर ३२ किलोबाइटच्या जरा वर. ६४ सीपीयूंच्या सर्व्हरवर सगळे मिळून दोन मेगाबाइट. म्हणजे मेमरीची खरी चिंता नाही, जोवर आकडा अवाच्या सवा नाही तोवर. सिसकंट्रोल ६,५५,३६० पर्यंत कोणताही आकडा निमूट घेतो, पण ही जागा सलग लागते. एवढ्या मोठ्या आकड्याला सीपीयूमागे वीस मेगाबाइटच्या वर सलग जागा हवी, ती मिळत नाही, आणि मग पर्फ रेकॉर्ड सुरू होतानाच मेमरी पुरेशी नाही असं सांगून थांबतं. हा संदेश दिसला की रॅम विकत घ्यायला धावू नका, आकडा कमी करा.

दुसरी किंमत डिस्कवर, आणि हीच जास्त बोचते. सोळा सीपीयू पूर्ण कामात आहेत, सेकंदाला ९९ नमुने, एक मिनिट रेकॉर्डिंग, म्हणजे ९५,०४० नमुने. प्रत्येक साखळी १२७ ची असेल तर साधारण ९७ मेगाबाइट. प्रत्येक साखळी १०२४ ची असेल तर जवळजवळ ७७९ मेगाबाइट. सगळ्या साखळ्या पूर्ण भरत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात कमी होतं, पण जागा ठेवताना हाच हिशेब धरा. स्टॅक उथळ असेल तर मर्यादा वाढवूनही फाईल वाढत नाही, कारण असतील तेवढ्याच फ्रेम लिहिल्या जातात.

तिसरी किंमत इंटरप्टमधल्या वेळेची. प्रत्येक फ्रेमसाठी युजरच्या मेमरीतून वाचावं लागतं, हजार फ्रेम म्हणजे हजार वाचनं, तेही कर्नल बाकी सगळं थांबवून करतो. वेळ फार लागायला लागला की कर्नल स्वतःच नमुन्यांचा वेग कमी करतो. डीमेसेजमध्ये 'इंटरप्ट टुक टू लाँग' असं येतं आणि पर्फ_इव्हेंट_मॅक्स_सॅम्पल_रेट उतरवल्याचं कळतं. खोली वाढवलीत तर वेग कमी ठेवा. ९९ च्या जागी ४९ घ्या आणि थोडा जास्त वेळ रेकॉर्ड करा. नमुने तेवढेच मिळतील, चालू सेवेला धक्का कमी बसेल.

वरची एक भिंतही सांगतो. पर्फच्या प्रत्येक नोंदीच्या मथळ्यात तिचा आकार १६ बिटांत लिहितात. म्हणजे अख्खी नोंद ६५,५३५ बाइटच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि साखळीला ८ हजार फ्रेमच्या पलीकडे जागाच नाही. तेवढी खोली लागत असेल तर प्रोग्रॅममधलं रिकर्शनच तपासायला हवं.

एकाच इव्हेंटपुरती मर्यादा

लिनक्स ४.८ पासून प्रत्येक इव्हेंटला स्वतःची मर्यादा देता येते. ज्यांना सगळीकडे खोल साखळी नको, त्यांच्यासाठी ही सोय फार कामाची आहे. सायकल्स खोलवर मोजायच्या आहेत, पण पेज-फॉल्ट कुठून येतात एवढंच वरवर बघायचं आहे, तर असं लिहा:

पर्फ रेकॉर्ड -ई सायकल्स/कॉल-ग्राफ=एफपी,मॅक्स-स्टॅक=५१२/ -ई पेज-फॉल्ट्स/कॉल-ग्राफ=एफपी,मॅक्स-स्टॅक=१६/ ./प्रयोग

अट एकच. इव्हेंटची मर्यादा सिसकंट्रोलमधल्या मर्यादेपेक्षा मोठी चालत नाही, तसा इव्हेंट उघडतच नाही. म्हणजे सिसकंट्रोल हे कुंपण, आणि त्याच्या आत प्रत्येक इव्हेंटने आपापली जागा घ्यायची.

ही मर्यादा जिथे लागू होत नाही

पर्फ रेकॉर्ड --कॉल-ग्राफ ड्वार्फ, म्हणजे फ्रेम पॉइंटरऐवजी डीबगच्या माहितीवरून साखळी जुळवणारी पद्धत, वापरलंत तर गणित बदलतं. तिथे कर्नल युजरच्या फ्रेम मोजत नाही, स्टॅकचा एक तुकडा जसाच्या तसा कापून फाईलमध्ये टाकतो. तो मुळात ८१९२ बाइटचा असतो. साखळी नंतर, वाचताना जुळवली जाते. तुकड्यात जेवढ्या फ्रेम मावल्या तेवढ्याच दिसतात. खोली हवी असेल तर ड्वार्फपुढे स्वल्पविराम देऊन मोठा आकडा द्या, ६५,५२८ पर्यंत जाता येतं. प्रत्येक नमुन्यामागे तेवढे बाइट लिहिले जातात हे लक्षात ठेवा, फाईल बघता बघता फुगते. वाचतानाचा --मॅक्स-स्टॅक मात्र इथेही लागतो.

--कॉल-ग्राफ एलबीआर इंटेलच्या प्रोसेसरमधल्या, शेवटच्या काही उड्या नोंदवून ठेवणाऱ्या हार्डवेअरवर चालतं. हॅसवेल पिढीच्या प्रोसेसरमध्ये १६ आणि स्कायलेक पिढीपासून ३२ नोंदी मावतात. तिथे सिसकंट्रोल कितीही फिरवा, सिलिकॉन वाढत नाही. खोल जावासाठी हा मार्ग घेऊ नका.

ईबीपीएफच्या साधनांचं मधलंच आहे. स्टॅक-ट्रेसचा मॅप तयार होताना त्याची खोली सिसकंट्रोलमधल्या मर्यादेपेक्षा मोठी असेल तर कर्नल नकार देतो. पण मर्यादा वाढवली म्हणून साधन आपोआप जास्त खोल जात नाही. बीपीएफट्रेसमधलं यू-स्टॅक न सांगता १२७ वरच थांबतं, त्याला कंसात आकडा द्यावा लागतो. दुसरं कुठलं साधन असेल तर खोलीचा पर्याय त्याच्या मदतीच्या पानावर शोधा. पर्याय नसेल, आणि आकडा साधनाच्या कोडमध्येच पक्का असेल, तर पर्फकडे परत या.

काम झाल्यावर

सूडो सिसकंट्रोल -डब्ल्यू कर्नल.पर्फ_इव्हेंट_मॅक्स_स्टॅक=१२७

डेव्हलपमेंटच्या मशिनवर मोठा आकडा कायम ठेवायला हरकत नाही. /इटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये एका ओळीची फाईल ठेवा, मशीन चालू होताच तो लागू होईल आणि बिझीचा नकारही येणार नाही, कारण तेव्हा कुठलाच एजंट सुरू झालेला नसतो. चालू सेवेच्या सर्व्हरवर मात्र खोल स्टॅक खरंच असतील तरच कायम करा, आणि त्या फाईलमध्ये कॉमेंट लिहून ठेवा: का वाढवला, कोणत्या सेवेसाठी, कधी.

रेकॉर्डिंगच्या फाईलच्या नावातही खोली घाला. 'पर्फ-५१२' अशा नावाची फाईल सहा महिन्यांनी उघडणाऱ्या सहकाऱ्याला वाचताना कोणता आकडा द्यायचा ते लगेच कळतं. नाहीतर त्यालाही ते अधांतरी मनोरे दिसतील आणि तो सिम्बॉल शोधत बसेल.